काय समजलं, ते सांगा

मेस्त्री बसडेपोत इंजिनं खोलायचे आणि त्यांची बायको मोठ्या इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीत बसायची. बावीस वर्षं एकाच खिडकीत बसल्यामुळे तिला सगळं इस्पितळ ‘खिडकीताई’ म्हणायचं. हात असा चालायचा की बघत राहावं. चिठ्ठी घेतली, औषधं काढली, पाकिटावर खुणा केल्या, ‘सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, पुढचे या’ म्हटलं, की झालं.

एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत खिडकीशी आले. दम्यासाठी त्यांना छोट्या यंत्रात घालून श्वासाबरोबर ओढायच्या कॅप्सूल दिल्या होत्या. महिनाभर त्या त्यांनी पाण्याबरोबर गिळल्या.

“अहो आजोबा, गिळायच्या नव्हत्या त्या!”

“तुम्ही म्हणालात, दिवसातून दोनदा घ्या,” आजोबा शांतपणे म्हणाले. “मी घेतल्या.”

आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती घरी येऊन मेस्त्रींना म्हणाली. त्या रात्री ती अर्ध्या ताटावरून उठली. आठवड्याभराने तिने एक फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. विद्यापीठात संवादशास्त्राचा पदव्युत्तर प्रमाणपत्राचा वर्ग होता, वर्षभराचा, शनिवार-रविवार.

मेस्त्रींना हसू आवरेना. “बोलायला शिकायला कॉलेजात जाणार? अगं, तुला बोलणं थांबवायचा कोर्स असेल तर बघ, मी स्वतः नेऊन सोडतो!”

ती हसली नाही. तिने सही केली आणि फॉर्म पिशवीत ठेवला.

वर्गात ती सगळ्यांत मोठी. बाकीची पोरं तिच्या लेकीच्या वयाची. पहाटे पाचला उठून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक उघडायची आणि एकेका पानाशी झटापट करायची. मेस्त्री चहाला उठले की ती पुटपुटताना दिसे. ‘हे खूळ महिनाभर टिकेल,’ असं त्यांनी लेकीला फोनवर सांगून ठेवलं होतं. सहा महिने झाले तरी खूळ जाईना.

मग एकदा गृहपाठ आला. घरातलं अर्ध्या तासाचं बोलणं सगळ्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करायचं, मग शब्दन्‌शब्द लिहून काढायचं. कोण किती बोललं, कोणी कोणाचं तोडलं, हे मोजायचं. मेस्त्री ऐटीत म्हणाले, “कर की रेकॉर्ड. आपल्याला काय चोरी आहे?” लेक त्या दिवशी घरी आलेली होती. जेवणं झाली, फोन टेबलावर पडून होता आणि सगळे त्याला विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी तिने कागद त्यांच्या हातात दिला. मेस्त्रींनी चष्मा लावला. बायकोने एकोणीस वेळा काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. त्यातली तेरा वाक्यं पुरी झालेली नव्हती, आणि त्या तेरांपैकी बारांच्या पुढे ‘मेस्त्री’ असं लिहिलं होतं. एक लेकीच्या नावावर होतं.

“हे मी केलं?”

“ऐकायचंय?”

त्यांनी ऐकलं. आपलाच आवाज ऐकताना माणूस ओशाळतो तसे ते ओशाळले. बायको वर्गात ऐकलेली कुठल्याशा बाईंची गोष्ट सांगू बघत होती आणि ते मध्येच गिअरबॉक्सवर घसरत होते, एकदा नाही, तीनदा.

“मग त्या बाईंचं पुढे काय झालं?” त्यांनी विचारलं.

तिने फोन बंद करून बाजूला ठेवला. मग तिने गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मेस्त्रींनी जीभ दातांखाली धरून ठेवली होती. गोष्ट भलतीच चांगली निघाली.

शेवटच्या प्रकल्पासाठी तिने आपली खिडकीच निवडली. औषध हातात दिलं की म्हणायची, “आता मला सांगा, घरी जाऊन काय करणार?” माणूस चुकला की चूक आपली धरायची आणि पुन्हा, निराळ्या शब्दांत सांगायचं. पहिल्या दिवशी रांग लिफ्टपर्यंत गेली. लोक खवळले. औषधविभागाचे साहेब धावत आले.

“खिडकीताई, ही शाळा आहे का?”

“साहेब, तीन आठवडे द्या. नाही जमलं तर मी गप्प बसेन.”

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत. बावीस वर्षांत तिने त्यांच्याकडे काहीच मागितलेलं नव्हतं.

पूर्वी रोज तीसेक माणसं ‘हे कसं घ्यायचं हो?’ म्हणत पुन्हा रांगेत यायची. हे तिने आधीच टिपून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ही माणसं आठ-नऊवर आली आणि रांग आपसूक आखडली. साहेब दोनदा स्वतः येऊन मोजून गेले.

तोंडी परीक्षेला मेस्त्री मागच्या बाकावर बसले, डेपोतले काळे डाग नखांत तसेच घेऊन. परीक्षक कडक होते. “काम चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण यात सिद्धांत कुठे आहे?”

मेस्त्री बाकाच्या कडेला सरकले. तिने पाण्याचा घोट घेतला.

“सर, मी बोलले म्हणजे समोरच्याला कळलं, असं मी बावीस वर्षं धरून चालले. ते खोटं निघालं. पुस्तकात त्याला काय म्हणतात ते मी लिहिलंय, पान अकरावर. पण मला ते एका आजोबांनी शिकवलं, आणि त्याची किंमत त्यांनी महिनाभर धापा टाकून दिली.”

परीक्षकांनी पान अकरा उलटलं, वाचलं आणि नुसती मान डोलावली.

पहिला वर्ग दोन गुणांनी हुकला. लेखी परीक्षेत ती कमी पडली होती. मेस्त्रींनाच जास्त वाईट वाटलं. ती मात्र तपासलेला पेपर मागून आणून कुठे चुकलं ते वाचत बसली. साहेबांनी पुढच्याच महिन्यात बाकीच्या पाच खिडक्यांवरच्या माणसांना शिकवायचं काम तिच्यावर सोपवलं आणि औषध घेणाऱ्याला बसून ऐकता यावं म्हणून प्रत्येक खिडकीबाहेर एक खुर्ची ठेवून दिली.

पुढे मेस्त्रींचा डोळा आला. चिठ्ठी घेऊन तेही रांगेत उभे राहिले, सगळ्यांसारखे. नंबर लागल्यावर खुर्चीत बसले. तिने ओळख दाखवली नाही. दोन बाटल्या पुढे ठेवून सगळं नीट सांगितलं आणि म्हणाली, “आता सांगा, घरी जाऊन काय करणार?”

“ही निळी... सकाळी,” मेस्त्री अडखळले. “आणि ही पांढरी... दोन्ही डोळ्यांत?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

“माझं सांगायचं चुकलं,” खिडकीताई म्हणाली. “पुन्हा सांगते हं, काका.”