पिठाच्या पिंपाला भोक

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. पण अमेरिकेतल्या स्क्रँटन गावातल्या टिअर्नी कुटुंबात मला सगळे पिठाचं पिंप म्हणत. मला घडवलं तेव्हा वासराचं कातडं ताणून बसवलं, कुशीला हवा जायला एक भोक ठेवलं आणि पलटणीत धाडलं. तिथे मी थॉमस टिअर्नीच्या गळ्यात पडलो. आयर्लंडहून नुकताच आलेला, अंगावर मूठभर मांस नाही, पण हात असा की ऐकत राहावं. पहाटे आम्ही पलटण उठवायचो आणि दोघं मिळून शिव्या खायचो.

यादवी युद्ध संपलं. थॉमसनं मला घरी आणलं तेव्हा माझं कातडं फाटलेलं होतं. त्याची बायको म्हणाली, "लाकूड चांगलं आहे." तिनं मला बूड ठोकून घेतलं, पांढरा रंग फासला, भोकात बूच मारलं आणि पीठ भरलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या सगळ्या पिढ्या माझ्याच पोटातल्या पिठाचा पाव खाऊन वाढल्या, आणि पावाची तारीफ झाली की मीही खूश व्हायचो. थॉमस ढोल वाजवायचा हे मात्र घर विसरून गेलं.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सगळे टिअर्नी कबरस्तानात जमून घरातल्या सैनिकांची नावं वाचतात. वाचायचा मान डेलियाआजीचा, आणि पहिलं नाव थॉमसचं. यंदा तिची नात मेव्ह घराण्याचा शोध घ्यायला बसली आणि एके दिवशी पडल्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आली.

"आजी, थॉमस टिअर्नी पलटणीतून पळाला होता गं. सरकारी दप्तरात तसंच आहे."

"तरीच," आजीचा भाऊ कॉन चहा पीत म्हणाला. "कामातून पळायची सवय मला कुठून लागली, कळतच नव्हतं."

"तू गप रे." आजीचे डोळे भरले. "मग यंदा त्याचं नाव नको. कबरीपुढे उभं राहून खोटं वाचायला नाही जमायचं मला."

मी तोंडात पीठ धरून सगळं ऐकत होतो. जीव नुसता तळमळत होता.

इतक्यात मेव्हचा धक्का लागून बूच उडालं आणि पीठ तिच्या बुटांवर सांडलं.

"आजी, पिठाच्या पिंपाला भोक कशाला?"

"उंदरांना विचार," कॉन म्हणाला.

मेव्हनं मला रिकामं केलं, रंग खरवडला. खाली सैन्याचा गरुड निघाला, पलटणीचा क्रमांक निघाला, आणि हे पिंप नव्हे, ढोल आहे, हे तिच्या ध्यानात आलं. ती पुन्हा दप्तर धुंडाळायला धावली. त्या पलटणीत थॉमस टिअर्नी दोन होते! पळाला तो दुसरा. आमचा थॉमस ढोलवाला, शेवटपर्यंत हजर.

मला नवं कातडं चढलं. सोमवारी कॉन मला कबरस्तानात घेऊन आला. त्याला तालाचा गंधही नव्हता, पण माझा आनंद पोटात मावत नव्हता. आजीनं खणखणीत आवाजात वाचलं, "थॉमस टिअर्नी, ढोलवाला." मग ती थांबली. "आणि दुसरा थॉमस टिअर्नी."

"अगं ताई, तो पळपुटा?"

"पोर होतं ते. घाबरलं. मेव्ह, त्याचं नाव घेणारं कुणी सापडलं का गं?"

मेव्हनं नकारार्थी मान हलवली.

"मग आपण घेऊ. वाजव रे."

मित्रांनो, घरातलं जुनं काही टाकून देण्याआधी, मग ती वस्तू असो की कुणाचं नाव, जरा थांबा, नीट पाहा. त्या दिवशी मी दोन्ही थॉमससाठी वाजलो, आणि दुसऱ्यासाठी अंमळ जोरातच.