रिटर्नची वेळ

"चार नाके. पाचवा बंद होऊन दोन वर्षं झाली," टोलकाका कागदावरून मान वर न करता म्हणाले. "पासष्ट, एकशे दहा, पंचाहत्तर, नव्वद. पाचला घर सोडा. दुसरा नाका सव्वासातच्या आत गाठलात तर ठीक, नाहीतर ट्रकांची रांग लागते. मग बसा हात चोळत."

"आणि चहा?" वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यानं विचारलं. तो बायकोमुलांना घेऊन मेव्हण्याकडे निघाला होता.

"तिसऱ्या नाक्याच्या अलीकडे, पंपाला लागून. नाका ओलांडून प्यालात तर तोच चहा दुप्पट भावानं पडतो. चोवीस तासांत परतलात, तर येताना टोल निम्मा. राहणार आहात का?"

"दोन दिवस राहू म्हणतोय."

काकांचं पेन थांबलं. "मग पूर्ण पडेल."

"पडू दे हो! एकशे सत्तर वाचवायला मेव्हण्याच्या दारातून परत फिरू की काय?" बँकवाला हसत म्हणाला आणि त्यानं लगेच जीभ चावली. अख्ख्या इमारतीला माहीत होतं की काका नेमकं तेच करत आले होते.

काकांनी चिठ्ठीची घडी घालून त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

एकतीस वर्षं काकांनी एका मालवाहतूक कंपनीत हेच काम केलं होतं. कुठली गाडी कुठल्या रस्त्यानं जाईल, किती नाके लागतील, डिझेल किती, ड्रायव्हरनं कुठं थांबायचं आणि कुठं मुळीच थांबायचं नाही, सगळं त्या एका चिठ्ठीत. स्वतः मात्र टेबल सोडून कधी कुठं गेले नाहीत. निवृत्त झाले तरी सवय जाते कुठं? शेजारीपाजारी लांब निघाले की आधी काकांकडे येत. त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून मुलीचा दर रविवारी फोन येई. कालही आला होता.

"बाबा, आता तरी राहायला या."

"येतो की. सकाळी येतो, संध्याकाळी निघतो."

मग ती म्हणाली, "आईचा जीव एका रात्रीसाठी तुटायचा, बाबा. एका रात्रीसाठी! आणि तुम्ही तिला दर वेळी टोलची वेळ सांगायचात. कसला हो तुमचा हिशोब?"

फोन तिनंच ठेवला. काका रिसीव्हर कानाला लावून तसेच बसून राहिले. सांगणार काय? खरं कारण त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

लेकीचं लग्न होऊन वर्ष झालं तेव्हा काका-काकू पहिल्यांदा तिच्याकडे गेले होते. चार दिवस राहायचं म्हणून. घर लहान, दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर. जावई मवाळ होता आणि विहीणबाई आवाजानं खणखणीत. पहिल्या रात्रीनंतर सकाळी काका दात घासायला निघाले, तर स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला, बहुधा मुलाशी बोलत होत्या. "अजून किती दिवस आहेत, ते नीट विचारून घे. मला काही आणखी रात्री अशा काढता यायच्या नाहीत."

पुढचं ऐकायला काका थांबलेच नाहीत. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो! तडक खोलीत गेले आणि बॅग भरायला लागले. काकू झोपेतून उठून बघतच राहिल्या. "अहो, हे काय?"

"रिटर्नची वेळ चुकतेय. सकाळच्या सकाळी निघालो तर निम्मा पडेल."

बायकोला खरं सांगितलं असतं तर तिनं मनाला लावून घेतलं असतं. लेकीला सांगितलं असतं तर सासू-सुनेत कायमची तेढ आली असती. त्यापेक्षा आपण चिंगूस ठरलेलं काय वाईट? असा सोयीचा विचार करून काकांनी चिंगूसपणा अंगावर घेतला आणि अकरा वर्षं तो इमानेइतबारे निभावला. दिवाळखोर असल्यासारखे सकाळी जायचे आणि संध्याकाळी परतायचे. जावई थट्टा करी, लेक रुसे, काकू गप्प बसत.

गप्प बसत, पण दर वेळी एक कापडी पिशवी डिकीत ठेवत.

"हे कशाला?" काकांनी एकदा विचारलं होतं.

"असू द्यावं. गाडीचा काय भरवसा? अडकलो कुठं, तर बदलायला कपडे नकोत?"

काकांना कळत होतं. गाडी बंद पडावी आणि राहावं लागावं, एवढीच त्या पिशवीची आशा होती. आणि ती मेली गाडी एकदाही बंद पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला काका एकटे निघाले. बाजूची सीट रिकामी. पूर्वी नाक्यावर पावती मिळायची, तेव्हा सुट्टे पैसे काढून देणं आणि पावत्या पदराआड सांभाळणं हे काकूंचं काम. मग काचेवर टॅग आला, पैसे आपोआप कापले जाऊ लागले आणि काकूंचं ते काम गेलं. तरी नाका आला की त्या म्हणायच्याच, "झाले का हो कापून?" आज दांडी वर गेली, फोनवर पैसे कापल्याचा मेसेज वाजला आणि विचारणारं कुणी नव्हतं. काकांनीच मोठ्यानं म्हटलं, "झाले." आपला आवाज ऐकून त्यांना कसंतरीच झालं. मग पुढचे तीन नाके त्यांनी तोंड मिटून पार केले.

तिसऱ्या नाक्याजवळ त्यांनी चहासाठी गाडी थांबवली नाही. गेल्या खेपेला परतताना इथंच काकू म्हणाल्या होत्या, "आज राहिलो असतो, तर काय बिघडलं असतं?"

"पुढच्या वेळी बघू," काका म्हणाले होते.

लेकीनं दार उघडलं. परवा फोनवर तुटक बोलली होती, पण बापाचं उतरलेलं तोंड बघून तिनं त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि खुर्ची पुढे सरकवली. जावई कामावर गेला होता. विहीणबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून होत्या. कमरेला पट्टा, शेजारी वॉकर. पण आवाज तसाच खणखणीत.

"या हो, या. एकटेच आलात..." असं म्हणून त्या थांबल्या. डोळ्याला पदर लावला. "फार गुणी बाई होती. कधी घटकाभर निवांत बसू दिलं नाहीत तुम्ही तिला आमच्याकडे. आल्या आल्या तुमचं आपलं घड्याळाकडे लक्ष."

"हो," काका म्हणाले.

"आज तरी राहणार ना? की आजही टोल?"

लेक दारात उभी होती. बाबा काय म्हणतात, म्हणून तिचे कान इकडेच.

"बघतो," काका म्हणाले.

"बघतो काय? अहो, तुमची कॉट पडून आहे अकरा वर्षं!"

"माझी कॉट?"

विहीणबाई हसायला लागल्या. हसता हसता कमरेत कळ आली, तशा पट्टा दाबून धरत म्हणाल्या, "घ्या! यांना पत्ताच नाही. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हा मी माझी खोली तुम्हाला दिली आणि स्वयंपाकघरात फरशीवर पथारी टाकली. रात्रभर पाठीनं जीव खाल्ला. सकाळी हिला म्हटलं, बाई गं, अजून किती दिवस आहेत ते नीट विचारून घे, मला आणखी रात्री अशा काढता यायच्या नाहीत. चार दिवस असतील तर आजच कॉट आणू, म्हणजे मोकळेपणी राहतील बिचारे. ही विचारायला येते तो काय, तुमच्या बॅगा भरलेल्या!"

"आणि मी म्हटलं, बाबांना टोल महागात पडतोय," लेक म्हणाली. तिलाही जरा हसू आलं.

"पण कॉट घेतलीच मी. म्हटलं, आज नाही तर पुढच्या वेळी राहतील. चांगली दोघांची घेतली, घडीची. तुम्ही कुठले राहताय!"

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते हसले नाहीत. एक वाक्य. त्याचा पुढचा अर्धा भाग ऐकायला जेमतेम दोन क्षण थांबायला हवं होतं. तेवढंही थांबले नाहीत, आणि अकरा वर्षं एका बाईला तिच्याच लेकीच्या दारातून संध्याकाळी उठवून नेत राहिले. वर तिच्यासाठीच आपण सोसतोय, अशी स्वतःची समजूत!

"बाबा? पाणी देऊ का?"

"नको गं."

सांगून टाकावं, असं क्षणभर त्यांच्या ओठावर आलं. पण आता खरं कळलं, तर लेक काय म्हणेल? आजवर ती त्यांना चिंगूस समजत होती. चिंगूस बापाला माफ करता येतं. हे कशात बसणार? काका गप्प राहिले. तो चिंगूसपणा कधीकाळी त्यांनी दुसऱ्यांसाठी पांघरला होता. आता तो त्यांना स्वतःलाच हवा होता.

जेवणं झाली. चार वाजले. दर खेपेला काका या वेळी चपला घालायचे. लेकीनं सवयीनं त्यांचा पाण्याचा बाटला भरून दारापाशी आणून ठेवला.

"तो आत ने," काका म्हणाले.

तिनं बघितलं.

"राहतो आज."

"आणि रिटर्न?"

"पूर्ण पडेल. पडू दे."

ती कपाटामागून कॉट ओढायला लागली. काका उठून मदतीला गेले. बिजागऱ्या गंजल्या होत्या, दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा कुठं ती उघडली. गादीवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. लेकीनं ते कात्रीनं कापलं तेव्हा धूळ उडाली आणि दोघंही खोकले.

"बदलायला कपडे आणलेत का, बाबा? नसतील तर ह्यांचे देते."

काका खाली गेले, डिकी उघडली. पिशवी कोपऱ्यात होती. चार महिन्यांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. काकूंचाच गाऊन असेल आत, लेकीला देऊ, असं म्हणून त्यांनी तिथंच उभ्या उभ्या गाठ सोडली. वर गाऊन होता. खाली टॉवेल. टॉवेलाखाली त्यांचा स्वतःचा पायजमा, त्यांचा बंडीवजा जुना सदरा, आणि दोन नवे टूथब्रश, वेष्टनसुद्धा न फोडलेले. एक निळा, एक पिवळा. काकांना पिवळा रंग आवडत नाही, हे काकूंना माहीत होतं.

काकांनी गाठ परत घट्ट बांधली. मग पिशवी घेऊन जिना चढले.

दिवे लागायच्या वेळेला त्यांनी पायजमा घातला. कंबर निम्मी झाली होती. नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागली. निळा ब्रश काढून घेतला, पिवळा पिशवीत परत ठेवला. मग रात्री जेवून कॉटवर येऊन डाव्या कडेला आडवे झाले.

"बाबा, पडाल ना! मध्ये झोपा की, आख्खी तुमचीच आहे."

"असू दे," काका म्हणाले. "इकडेच बरं."

लेक उशी आणायला गेली. काकांनी पिशवी उचलली आणि कॉटवरच पलीकडच्या बाजूला, भिंतीच्या कडेला नीट ठेवली.