आईची खळ

आईच्या हातात कापड फाटायचं तो आवाज मला आधी आठवतो, तिचा चेहरा नंतर. जुन्या लुगड्याच्या काठाला ती दातांनी चीर पाडायची, दोन्ही मुठी आवळायची आणि एका हिसक्यात ते वस्त्र टरकन दुभंगायचं. कौलांवरची कबुतरं भर्रकन उडून जायची. बालाघाटच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात पौषातलं तिरकं, पिवळं ऊन उतरलं की ती गोधड्यांचं काम काढायची, आणि एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली ही अबोल बाई त्या चार तासांत निराळीच कुणी होऊन जायची.

झिजलेलं कापड सुईला दाद देत नाही. ते सरकतं, ताणलं जातं, चौकोन तिरपागडे होतात. म्हणून आधी त्याला खळ द्यायची. भाताचा मांड मोठ्या पितळी गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, गाळून ती अंगणातल्या चुलीवर पुन्हा रटरटेपर्यंत आटवायची, हात घालवेल इतपत निवला की त्यात कापड बुचकळायची, दगडावर आपटायची, लाकडी मोगरीनं कुटायची आणि असा पीळ द्यायची की तिच्या मनगटाच्या शिरा टरारून वर येत. वाळल्यावर ते कापड पापडासारखं कडक होई. मग कात्री, मग इस्त्री, मग ओळीनं टाके. गोधडी शिवून झाली की वैनगंगेवर नेऊन सगळी खळ धुवून काढायची, तेव्हा कुठे ती मऊ पडायची. शेजारणी हसायच्या, "वैनी, धुऊन राह्यल्या का मारून राह्यल्या?" आईही हसायची. मला मात्र हसू यायचं नाही, कारण ती कुणाला मारते आहे हे मला ठाऊक होतं.

बाबा कचेरीत मोठे बाबू. त्यांच्या शर्टांनाही त्याच मांडाची खळ लागे, जरा पातळ. ताठ कॉलरचे, मितभाषी, सुसंस्कृत असे ते गृहस्थ रस्त्यानं निघाले की लोक सायकलवरून उतरून नमस्कार करीत. घरी ते आईला मारीत. भातात खडा निघाला म्हणून, पाहुण्यांपुढं चहा उशिरा आला म्हणून, आणि पुष्कळदा काहीच झालं नाही म्हणूनही. बंद मुठीनं, पाठीत, जिथं पदर झाकतो नेमकं तिथं. घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणून नातलग चहा पिऊन निघून जात. मीही लग्न करून गोंदियाला निघूनच गेले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मला सातवा महिना होता. बाळाच्या पहिल्या गोधडीत आजोबांच्या अंगावरचं कापड असावं, म्हणजे त्यांचं आयुष्य बाळाला लाभतं, अशी आमच्याकडची रीत. मी म्हटलं, त्यांचं काही नको. आईनं दोरीवरचा त्यांचा विरलेला शर्ट ओढला आणि शांतपणे म्हणाली, "आयुष्य घेऊ त्याईचं. सभाव धुऊन काढू नदीत." आणि शर्ट उभा फाडला. बाबांना विचारायचं तेवढं राहिलं.

दुपारी बाबा जेवायला आले. खळ दिलेल्या दोन बाह्या दोरीवर कडक होऊन लटकत होत्या.

"माझा शर्ट काहून फाडला? मले इचारलं का?"

आई चुलीपाशी, पाठमोरी. तिच्याऐवजी मीच बोलले, "इरला होता, बाबा. माझ्या लेकरासाठी घेतला."

ते माझ्याकडं वळले. दगडावरची मोगरी त्यांच्या हातात कधी आली ते मला कळलं नाही. त्यांचा नेम कुठं होता हे मी आजही सांगू शकत नाही. मी दोन्ही हातांनी पोट झाकलं, एवढं खरं.

आईनं पदरानं उकळता गंज धरला आणि त्यांच्यावर रिकामा केला. पाणी ओघळून जातं, मांड चिकटून बसतो. बाबांनी डाव्या हातानं उजवा हात निपटला आणि मांडाबरोबर कातडी उतरून आली. ज्यांचा चढलेला आवाज कधी भिंतीपलीकडं गेला नव्हता ते बाबा मातीत लोळत पाण्यासाठी किंचाळत होते. आई रिकामा गंज घेऊन तशीच उभी. "उचल आता हात," ती म्हणाली, जन्मात पहिल्यांदा त्यांना एकेरीत. "पाहू दे मले." बादली शेवटी मीच ओतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबाच घाईनं म्हणाले, "मेरा ही धक्का लगा, साहब. मांड का गंज उलट गया." बायकोनं भाजलं असं सांगणं त्यांच्या प्रतिष्ठेला पेलणारं नव्हतं. ज्या अब्रूनं आईचं तोंड इतकी वर्षं बांधून ठेवलं होतं तिनंच आता त्यांचं बांधलं. हात बरा झाला, पण कोपरात आखडला तो कायमचा. महिनाभर आईनं त्यांना घास भरवले, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. त्यानंतर त्या घरात मारहाण झाली नाही. गोधडी झाली, नदीत धुतली गेली, माझा मुलगा तिच्यावर पाय झाडत मोठा झाला.

आज बाबाही नाहीत, आईही नाही. तिनं मला वाचवलं हे मी पुष्कळ वर्षं अभिमानानं मनात जपलं, पण वय वाढलं तसा त्या अभिमानालाच एक सल लागला. गंज तिनं उचलला तो मी पोट झाकल्यावर. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं चूल तीच होती, मांड रोज उकळत होता, हातही तिचेच होते, आणि स्वतःच्या पाठीसाठी तिनं तो एकदाही उचलला नाही. आपणही कुणाची तरी लेक आहोत, हे तिला त्या अठ्ठावीस वर्षांत एकदाही आठवलं नाही का, हे विचारायचं राहून गेलं. आणि आता विचारायला ती नाही.