काळी दोनचा तंबोरा

कल्याणच्या पारनाक्याजवळ विश्रामशेठ यांचे वाद्यांचे दुकान होते. त्या दुकानाच्या पायरीवर शीलेने पाऊल ठेवले मात्र, तोच तिच्या मस्तकात संतापाची पहिली ठिणगी पडली. तिने अद्याप तोंडही उघडले नव्हते. विश्रामशेठांनी तिच्याकडे एकवार पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवून ते तिच्या नवऱ्याला म्हणाले,

"वहिनींसाठी ना साहेब? मग जनानी."

एवढे बोलून त्यांनी तीन लहानखुरे तंबोरे गादीवर मांडले सुद्धा.

तंबोऱ्यात दोन जाती असतात. पुरुष गवयाचा तो मर्दानी, थोर भोपळ्याचा आणि लांब दांडीचा. बायकांचा तो जनानी, आखूड दांडीचा आणि उंच स्वराचा. मिरजेचे कारागीर भोपळा निवडतानाच ही वाटणी करून टाकीत, आणि पुढे दुकानदारापासून बुवांपर्यंत कोणीही तिच्याविषयी शंका काढीत नसे. शंका होती ती केवळ शीलेच्या गळ्याला. ईश्वराने तिला खालचा, भारदस्त आणि खोल आवाज दिला होता. परंतु डोंबिवलीत तिच्या आळीतल्या बायकांना गाणे शिकवणारे आनंदाबुवा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, म्हणजे गवयांच्या बोलीत काळी चारवर, बोट ठेवून म्हणत, "बायकांनी बायकांच्या पट्टीत गावं. घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज काढू नये."

शीला आज्ञाधारकपणे त्या पट्टीत गात आली होती. गाऊन उठली की तिचा घसा सोलवटल्यासारखा होई आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याशी बोलायलाही आवाज उरत नसे. मागल्या रामनवमीला आळीच्या राममंदिरात वरच्या षड्जावर तिचा आवाज फाटला, तेव्हा पुरुषांच्या बाजूने जो हंशा उठला तो तिच्या कानांतून वर्षभर गेला नव्हता. तिचा नवरा महिपत मुंबईच्या एका कचेरीत कारकून होता. त्याचे निदान असे की बुवांचा उसना तंबोरा जुनाट आहे, नवा आणला की आवाज आपोआप लागेल. शीलेच्या आईने मरताना तिला दोन पाटल्या दिल्या होत्या, त्या मोडून हा तंबोरा घ्यायचा ठरले होते.

"हा बघा," विश्रामशेठ पहिला तंबोरा पुढे सारीत म्हणाले. त्याच्या गळ्याभोवती पांढरी वेलबुट्टी होती, तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, मोर होते, आणि खुंट्यांच्या टोकांना हस्तिदंताच्या रंगाच्या टोप्या होत्या. "मुंबईच्या बायका हाच मागतात."

"वा! घरात शोभेल," महिपत म्हणाला.

शीलेने त्याच्या भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. आवाज कोरडा आला. दुसऱ्याचा भोपळा पाठीला चपटा होता, त्यातून स्वर निघे आणि निघताक्षणी विरून जाई. तिसरा काळसर तुनीच्या लाकडाचा होता. तो खरोखर चांगला होता आणि गोड बोलत होता. पण तो जे बोलत होता ते दुसऱ्या कोणा बाईचे होते, शीलेचे नव्हते.

मागील भिंतीला एक थोरला तंबोरा टांगलेला होता. साधा, नक्षी नाही, मोर नाही. भोपळा मात्र पूर्ण भरलेला, बाळंतपण जवळ आलेल्या बाईच्या पोटासारखा गोल आणि खोल.

"तो काढा."

"तो मर्दानी आहे, वहिनी."

"मी त्याची जात नाही विचारली. काढा म्हटलं."

विश्रामशेठ हसत हसत उठले. शीलेने तंबोरा मांडीशी घेतला. लाकूड वर्षानुवर्षे वाळून हलके झाले होते. भोपळ्यावर पेर मारताच आतून विहिरीतल्यासारखा घुमारा आला. तिने जुन्या तारा कशाबशा जुळवल्या, दुसऱ्या काळ्या पट्टीपाशी, म्हणजे काळी दोनपाशी आणल्या, डोळे मिटले आणि षड्ज लावला. घशाला कुठेही ओरखडा गेला नाही. स्वर छातीतून उठला आणि भोपळ्यातल्या स्वरात असा मिसळला की तिचे तिलाच वेगळे ओळखू येईना. जन्मभर दुसऱ्याच्या अंगाचे कपडे घातले आणि आज प्रथमच स्वतःच्या मापाचे अंगावर चढले, अशी तिची अवस्था झाली.

विश्रामशेठ खो-खो हसले. "साहेब, रस्त्यावरून जाणारा म्हणेल, आत कोणी बुवाच आलाय!"

महिपतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कोणासाठी घेतोय आपण तंबोरा?"

"माझ्यासाठी."

"मग तुझ्यासारखा घे की!"

"माझ्यासारखाच घेत्येय."

रस्त्यावरची दोन माणसे थबकून आत पाहू लागली, म्हणून महिपतने वाद आवरता घेतला. थोरला तंबोरा ठरला. त्याला काळी दोनच्या नव्या तारा चढवून आणि तारांखालची घोडी घासून तो रामनवमीच्या आधी तयार ठेवण्याचे विश्रामशेठांनी कबूल केले. एका रविवारी महिपत एकटाच कल्याणला जाऊन तो घेऊन आला.

शीलेने तंबोऱ्याला हळदकुंकू वाहिले, त्याच्यापुढे साखर ठेवली आणि तो जुळवायला बसली. तारा काळी चारला लावलेल्या होत्या. विश्रामशेठांनी सवयीने लावल्या असतील असे समजून तिने खुंट्या हळूहळू उलट्या पिळल्या. स्वर खाली येऊ लागला. काळी तीनपाशी तो दुबळा झाला. काळी दोनपाशी तर तारा अशा सैल पडल्या की त्या गुणगुणण्याऐवजी फडफडू लागल्या. दुकानात घुमणारा तो भोपळा आता मुका बसला होता. शीलेने एक तार दोन बोटांत धरून पाहिली. ती केसासारखी बारीक होती. मर्दानी तंबोऱ्यावर जनानी तारा चढवल्या होत्या.

महिपत खाटेवर बसून चहा पीत होता.

"अहो, ह्या तारा कोणी सांगितल्या?"

त्याने बशीतून तोंड वर केले नाही. "मी सांगितल्या."

"तुम्ही?"

"बुवांना विचारूनच. ते म्हणाले, मोठा हवा तर मोठा घेऊ दे, तारा बारीक घाला, म्हणजे पट्टी बिघडणार नाही. अगं, तुला मोठा पाहिजे होता, मोठा मिळाला. आता कशाला आकांडतांडव?"

"मला मोठा नको होता! मला माझा आवाज पाहिजे होता!"

"हळू बोल, भिंतीपलीकडे माणसं राहतात." त्याने बशी खाली आपटली. "तुला काय होतंय? मला कचेरीत विचारतात, घरात वहिनी गातात की तुम्ही? रोज ऐकून घ्यायचं मी!"

"तुम्ही एक वाक्य ऐकता. मी माझा गळा फाडून घेत्येय इतकी वर्षं."

शीलेला मारझोड माहीत नव्हती, उपासमारही माहीत नव्हती. महिपत वाईट माणूस आहे असे कोणी म्हणाले नसते. आणि म्हणूनच तिचा क्रोध अधिक भयंकर झाला. उघड नकार दिला असता तर तिने सोसला असता. ह्यांनी होकार दिला, तिच्या आईच्या पाटल्या त्यात घातल्या, आणि पाठीमागे दोघांनी संगनमत करून धड तिच्या पसंतीचे ठेवले व गळा तेवढा बदलला! तिने चारही खुंट्या सैल केल्या, एकेक तार उतरवली, तिची गुंडाळी केली आणि ती चार वेटोळी महिपतच्या तळहातावर ठेवली.

"ह्या घ्या. तुम्ही आणल्यात, आता तुम्हीच गा ह्यांच्यावर."

दुसऱ्या दिवशी महिपत कचेरीत गेल्यावर तिने तंबोरा गोधडीत गुंडाळला, लेकरासारखा खांद्याशी धरला आणि दुपारच्या गाडीने ती एकटीच कल्याणला उतरली. घरून निघताना आळीतली सरोज दारातून ओरडली होती, "अगं, कुठं निघालीस त्याला घेऊन?" शीलेने मागे वळूनही पाहिले नव्हते.

विश्रामशेठांनी तार नसलेला तंबोरा पाहिला आणि सारे ओळखले. "वहिनी, साहेबांनी सांगितलं तसं मी केलं. माझा काय दोष?"

"गाणार कोण होतं?"

"आता तुमच्या घरचं भांडण माझ्या दुकानात नको. उद्या साहेबांना घेऊन या, ते म्हणतील तशा तारा घालतो."

"भांडण घरचं नाही. तारा ह्या गादीवर चढल्या. तुम्ही माझ्या तोंडावर हो म्हणालात आणि माझ्यामागे दुसरंच केलंत. जाड तारा चढवा. तोवर मी उठत नाही."

"आणि नाही चढवल्या तर?"

शीला गादीवर मांडी घालून बसली. तिने मुका तंबोरा पुढ्यात आडवा ठेवला आणि तिच्या त्या खालच्या, भरदार आवाजात षड्ज लावला. साथ नाही, काही नाही. रस्त्यावरचा टांगेवाला थांबला. समोरच्या दुकानातला वाणी उठून पायरीवर आला. कोणी म्हणाले, "शेठ, बाईंचं काय घेतलंत?" विश्रामशेठांच्या कपाळावर घाम आला.

"पुरे, पुरे! बसा गप्प. घालतो."

त्यांनी रागाने कपाट उघडले, रागानेच जाड तारा काढल्या आणि एकेक चढवली. घोडीवर तारेखाली ते स्वर खुलवणारा रेशमाचा दोरा सरकवीत असताना शीला म्हणत होती, "अजून पुढं. अजून थोडा. हं, तिथंच." स्वर जागा झाला. भोपळा घुमू लागला, आणि दुकानातल्या साऱ्या टांगलेल्या वाद्यांच्या तारा आपल्या आपण किंचित थरारल्या. विश्रामशेठांनीही ते ऐकले, परंतु तसे बोलून दाखवण्याचा मोठेपणा त्यांना साधला नाही.

"पुन्हा माझ्या दुकानात येऊ नका, वहिनी."

"येईन. तार तुटली की येईन."

रामनवमीला जन्मोत्सवाचा सुंठवडा वाटून झाल्यावर बायकांची गाणी सुरू झाली. शीलेची पाळी आली. आनंदाबुवा पेटी घेऊन शेजारी बसले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे काळी चार दाबली. शीलेने तंबोरा छेडला. बुवांनी चमकून मान वळवली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पोरी, पट्टी चुकली."

"इतके दिवस चुकली होती, बुवा."

बुवांनी पेटीवरचा हात काढून घेतला. भाता मिटून ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. शीलेला साथ द्यायला आता त्या एका तंबोऱ्याशिवाय कोणी उरले नाही. तिने पहिला स्वर लावताच पुरुषांच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "अरे, बाईच्या जागी कोण बसवलाय?" तोच जुना हंशा पुन्हा उठला. तिने डोळे उघडून त्या बाजूला पाहिले. महिपत खांबापाशी मान खाली घालून बसला होता आणि सतरंजीचा धागा ओढत होता.

मग ती गायली. भक्तिभावाने गायली असे म्हणता येणार नाही. दात आवळून माणूस बोलतो तशी ती गायली. मागल्या वर्षी जिथे तिचा आवाज फाटला होता त्या वरच्या षड्जाकडे, आता स्वतःच्या पट्टीत, ती सरळ चढत गेली, त्याच्यावर जाऊन उभी राहिली, आणि श्वास संपेपर्यंत तिथून हलली नाही. हंशा कधी थांबला हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. बायकांच्या बाजूला सरोजने मांडीवर ताल धरला होता. बुवा मात्र शेवटपर्यंत समोरच्या समईकडे पाहत राहिले.

घरी परतल्यावर महिपतने टोपी खुंटीला लावली. मग समेट करू पाहणाऱ्या स्वरात म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी राग गेला?"

शीलेने तंबोरा भिंतीला टेकवून उभा केला होता. गवसणी घालण्यापूर्वी तिने षड्जाची तार पुन्हा एकदा छेडली, कान लावून ऐकली, आणि ती जागची हललेली नाही अशी खात्री करून घेतली.

"नाही," ती म्हणाली.