पाठीवरच्या पट्ट्या

हरणाबाईच्या कपाळावर जिथं कुंकू टेकायचं, तिथंच कातडी लाल होऊन खाजायला लागली. पुढं तिथून पाणी सुटलं. माधवनगरच्या गिरणीत तिच्याबरोबर काम करणाऱ्या आणखी काहीजणींचंही तसंच झालं होतं. पण हरणाबाईच्या सासूनं, रंगुबाईनं, घरात निकाल देऊन टाकला, "देवीचा कोप हाय. कुंकू सोसंना म्हंजी बाईतच खोट हाय." त्या दिवसापासून देवघराकडं जायची तिला बंदी झाली.

कुंकू पुसावं तर नवरा जिता असताना लोक बोलणार. लावावं तर आग. शेवटी हरणाबाई सांगलीत डॉक्टर लीलाबाईंकडं गेली. साल सेहेचाळीसचं. लीलाबाई लढाईत लष्करी इस्पितळात काम करून नुकत्याच परतल्या होत्या.

"कुंकू कुठलं लावता?"

"नाथाजींचं. समद्या त्येच लावत्यात."

नाथाजींचा सांगलीत कुंकवाचा कारखाना होता. पूर्वी ते हळदीचं कुंकू करत. लढाईत महागाई वाढली, तसा त्यांनी मुंबईहून स्वस्त लाल रंग आणून शंखजिऱ्याच्या पांढऱ्या दगडी पुडीत कालवायला सुरुवात केली होती. लीलाबाईंनी त्यांच्याकडून रंग, पूड, तेल, सगळं थोडं थोडं मागवलं. एकेक जिन्नस कापडाच्या तुकड्यावर घेऊन हरणाबाईच्या पाठीला चिकटवला. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, तर फक्त रंगाखालची कातडी सुजलेली.

नाथाजींना ते पटेना. "हिची कातडीच नाजूक, बाई. त्याला रंग काय करणार? आमचं कुंकू साताऱ्यापर्यंत जातंय!"

"मग धडधाकट माणसांवर लावून बघू," लीलाबाई म्हणाल्या. "पण जबरदस्ती कुणावर नाही. आग झाली तर पट्टी लगेच काढायची."

"लावा माझ्याच पाठीवर!" नाथाजींनी तिथंच सदरा काढला.

बाया हरणाबाईनं गोळा केल्या. गिरणी सुटल्यावर ती एकेकीच्या दारात जाऊन सांगायची, "खाज सुटंल, खोटं न्हाई सांगत. पन आपल्या पोरींच्या कपाळाचं वाचंल." नाही म्हणणाऱ्या होत्या, तशा हो म्हणणाऱ्याही निघाल्या.

पहिल्या खेपेला कुणालाच काही झालं नाही. नाथाजींनी दवाखान्यात पेढे वाटले. लीलाबाईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "अजून एक खेप आहे. कुंकवात रंग चिमूटभर असतो, पट्टीत तो निव्वळ आहे. काही जिन्नस अंगाशी पहिल्यांदा नुसती ओळख करून घेतात. भांडण उकरतात ते दुसऱ्या भेटीत."

मध्ये काही आठवडे जाऊ दिले. मग त्याच पट्ट्या पुन्हा लागल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी नाथाजी दवाखान्याच्या चौकटीला पाठ घासत उभे! पट्ट्या काढल्यावर लीलाबाईंनी दोन आरसे धरून त्यांना त्यांची पाठ दाखवली. बाकी सगळी स्वच्छ, आणि रंगाच्या पट्टीखाली बारीक फोडांचा लालभडक चौकोन. तिघी बायांच्या पाठीवरही तोच.

नाथाजींनी हळूच सदरा चढवला. मग म्हणाले, "बाई, ही खाज मी अख्ख्या मुलखाला विकली."

"आता थांबवा."

रंगाचे डबे त्यांनी खड्ड्यात पुरले आणि हळद, लिंबू, टाकणखार घेऊन जुन्या रीतीनं कुंकू घोटायला बसले. पहिला घाणा तयार झाल्यावर त्यांनी तो कौतुकानं हरणाबाईपुढं धरला. कपाळ आता बरं झालं होतं, पण तिनं बोट लावलं नाही.

"हळदीचं हाय म्हनून इस्वास ठेवायचा व्हय? आदी पाठीवर लावा."

लीलाबाई खळखळून हसल्या. पुन्हा पट्ट्या, पुन्हा वाट बघणं, पुन्हा दुसरी खेप. या वेळी सगळ्यांच्या पाठी कोऱ्या निघाल्या. हरणाबाईचीसुद्धा! बायांनी दवाखान्यातच फुगडीचा फेर धरला.

घरी गेल्यावर तिनं सासूला सांगितलं, "आत्ती, खोट माज्यात नव्हती. रंगात हुती." रंगुबाई नाथाजींच्या पाठीची गोष्ट बाजारात ऐकून आली होती. तिनं नवं कुंकू चिमटीत घेतलं, सुनेच्या कपाळाला लावलं आणि स्वतः तिला हाताला धरून देवघरात नेलं.

पुढच्या आठवड्यात नाथाजींनी विकलेलं जुनं कुंकू परत घ्यायला साताऱ्याच्या बाजारात गाडी उभी केली. त्यांचं ऐकून कुणी डबी देईना. "लावलंय की वर्षभर, काय झालं न्हाई," बाया म्हणत होत्या. तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली हरणाबाई गाडीच्या फळ्यांवर चढली.

"बायांनो, नाथाजींस्नी बी पयल्या खेपेला काय झालं न्हाई. पेढं वाटलं त्यांनी! दुसऱ्या खेपेला चौकटीला पाठ घासत बसलं. इचारा त्यास्नी!"

नाथाजींनी भर बाजारात मान डोलावली. बाया हसल्या आणि हसता हसता कमरेच्या पिशव्यांतून डब्या काढायला लागल्या. एक आली, मग चार, मग गाडीभोवती ही गर्दी उसळली. घामानं निथळणारी हरणाबाई दोन्ही हातांनी डब्या घेत ओरडत होती, "या, या, समद्या या! येक बी डबी घरात ठिवायची न्हाई!"