मधली दोन वर्षं

"पुन्हा सांग, आई. मी कुठे होतो?"

"खड्ड्यात!" ठाणेदारीण म्हणाली. "बाहेरगावी होतास. कंपनीत होतास. किती वेळा वदवून घेशील? मी काय बालवाडीतली पोर आहे?"

"आणि जास्तीचं काही बोलू नकोस. विचारेल तेवढंच."

"म्हणजे आता बोलायचं कसं ते तू मला शिकवणार."

सकाळपासून तिसऱ्यांदा मुलानं इस्त्रीचा शर्ट खोचला.

गल्लीत तिला ठाणेदारीण म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कुणाची नव्हती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिनं घर, पोर आणि जमेल तितकी गल्ली एकटीच्या जिभेवर चालवली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पुण्यवान होती म्हणून नाही. खोटं बोलायचं म्हणजे समोरच्याला भ्यायचं, आणि भ्यायला तिला आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

आज मात्र ती सकाळपासून दाराकडे बघत होती.

न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मुलगा इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर होता. आधी त्यानं रजा काढली, रजा संपली तशी नोकरी सोडली. कूस बदलणं, भांडं देणं, अंग पुसणं, पाय वाकवून घेणं, सगळं त्यानं केलं. एकुलत्या एका पोरानं आईला दोन वर्षांत पायांवर उभं केलं आणि मग तो काम शोधायला निघाला. तोवर गावातल्या निम्म्या कंपन्यांनी माणसं काढलेली. एका खुर्चीला शंभर डोकी. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "मधली दोन वर्षं काय करत होता?" हा खरं सांगायचा. समोरचे "वा, वा" म्हणायचे, आणि मग फोन काही यायचा नाही. एकानं तर स्पष्टच सुनावलं, "एवढ्यात सगळं बदललं हो. तुम्ही गंजलात."

शेवटी मित्राच्या ओळखीनं परगावच्या एका कंपनीचं पत्र मिळालं: ही दोन वर्षं हा आमच्याकडे होता. पत्र जोडलं आणि पहिल्याच अर्जाला बोलावणं आलं. परीक्षा तो स्वतःच्या डोक्यानं पास झाला, मुलाखतीही दिल्या. आता राहिलं एवढंच: एक माणूस घरी येऊन पत्ता तपासणार. इथे कोण राहतं, कधीपासून, मध्ये कुठे होतं. त्यात घोळ झाला की नोकरी गेली, आणि वर खोटारडा म्हणून शिक्का. मग कुठलंच दार उघडायचं नाही.

फोन वाजला. मुलगा दोनदा "हो सर" म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला.

"खाली आलाय. म्हणतोय, शेजारचं कुणीतरी लागेल. त्यांनाही विचारणार."

मजल्यावर दुसरं दार एकच होतं. शिवणवालीचं. दिवसभर चालणारं तिचं मशीन आत्ता बंद होतं, म्हणजे बाई कान देऊन ऐकत होती.

दोघींत बोलणं नव्हतं. शिवणवालीचा मुलगा सातासमुद्रापार. फोनवर दिसायचा तेवढाच. ठाणेदारीण अंथरुणाला खिळली तेव्हा ही बिचारी काहीतरी गरम करून घेऊन आली होती. आणि चार बायका बसलेल्या असताना ठाणेदारीण म्हणाली होती, "राहू दे बाई. तुझ्या हातचं खायला मी काही बेवारस नाही. तुझा पोरगा काचेत दिसतो, माझा उशाशी बसतो." शिवणवाली वाटी घेऊन तशीच परत गेली. तिचं दार बंद झालं ते झालंच.

"मी जाऊन बोलतो त्यांच्याशी," मुलगा म्हणाला.

"तू गप बस. घाण मी केलीय, मीच निस्तरते."

काठी टेकत ती समोर गेली. दार ठोठावायच्या आधीच उघडलं.

"ऐकलंस ना सगळं?"

"भिंती पातळ आहेत," शिवणवाली म्हणाली. तिच्या गळ्यात मोजपट्टी लोंबत होती.

"माणूस येतोय."

"येऊ दे की. माझ्या घरी थोडाच येतोय?"

"तुलाही विचारणार आहे."

"मग?"

मग काय, ते ठाणेदारणीच्या जिभेवर येईना. तेवढा एक शब्द, पोराच्या जन्माचा प्रश्न, आणि आयुष्यभर वळवळलेली जीभ टाळ्याला चिकटून बसली. जिन्यात बुटांचा आवाज झाला. तो वर पोचला, तरी तिचं तोंड उघडंच होतं.

घामाघूम झालेला माणूस होता, हेल्मेट काखेत, फोन हातात. उंबऱ्याशी काठीवर वाकलेली म्हातारी बघून म्हणाला, "बसा आजी, बसा." शिवणवालीनं आतलं स्टूल पायानं सरकवलं. ठाणेदारीण बसली. मुलगा आपल्या दारात येऊन उभा राहिला.

"मुलगा इथे कधीपासून राहतो?"

"जन्मल्यापासून. मधली दोन वर्षं सोडून."

म्हणाली एकदाची. छत काही कोसळलं नाही.

"तेव्हा घरात कोण होतं?"

"मी."

"एकट्याच? आणि हा पाय?" हे त्याच्या फोनमध्ये विचारलेलं नव्हतं. बोलायचं म्हणून बोलला. "कधी मोडला?"

"तेव्हाच," ठाणेदारणीच्या तोंडून गेलं. दारातल्या मुलानं चौकट घट्ट धरली.

माणसाचा अंगठा थांबला. "मग तुमचं सगळं करत कोण होतं?"

खालून कुणाच्या तरी नळाचा आवाज येत राहिला.

"मी," शिवणवाली म्हणाली.

ती त्या माणसाकडे बघतच नव्हती. नजर ठाणेदारणीवर रोखलेली.

"मीच करत होते. अंग पुसायचं, औषध द्यायचं, भरवायचं. पोरगा कुठला यायला? फोनवर दिसायचा. काचेत." मग मान जराशी वाकडी करून, "काय गं? खरं की नाही?"

ठाणेदारणीनं तिच्याकडे पाहिलं. रात्र रात्र खुर्चीत डुलक्या काढणारा, तिला संकोच वाटू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून भांडं धरणारा पोरगा चार हातांवर उभा होता.

"खरं," ती म्हणाली. "हिनंच केलं."

"असे शेजारी मिळायला नशीब लागतं, आजी." माणसानं भराभरा टाइप केलं. फोनवरून मान वर करून तो मुलाला म्हणाला, "रागावू नका साहेब, पण नोकरी काय, पुन्हा मिळते. आई पडली तेव्हा तरी यायचं होतंत."

मुलाचे कान लाल झाले.

"चुकलं," तो म्हणाला.

"असो. माझ्याकडून सगळं बरोबर आहे. आता फक्त घरच्यांचा एक फोटो, दाराशी. आजी, जरा उभ्या राहता?"

ती उठायला पुढे झुकली आणि मुलगा धावला. एक हात तिच्या बगलेखाली, दुसरा कमरेच्या नेमक्या त्या हाडावर, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला आधाराला लावलेला, आणि ओठातल्या ओठात, "हं, एक, दोन..." रोजच्यासारखं. त्याचंही लक्ष नव्हतं.

त्या माणसाचं होतं. फोन धरलेला हात तसाच ठेवून तो त्या हातांकडे बघत होता.

ठाणेदारणीनं मुलाचा हात झटकला.

"सोड! तुला कुठली सवय? पाडशील मला."

मग तिनं चौकट धरली आणि एकटीच उठायला लागली. वेळ लागला. शिवणवाली मोजपट्टी बोटाला गुंडाळत राहिली, पण हलली नाही. मुलानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले, आणि आई उभी राहीपर्यंत तो जमिनीकडे बघत उभा राहिला.