वाफशेठचे गुलाब

वाफशेठच्या कारखान्यातून निघायचा तो धूर नव्हता, वाफ होती. असं शेठ स्वतःच छातीठोकपणे सांगायचे, म्हणून तर लोकांनी त्यांचं नाव वाफशेठ पाडलं. कारखाना तेजाबाचा. गंधक जाळायचं, त्या वायूचं तेजाब करायचं, आणि हातातून जे निसटेल ते बुटक्या चिमणीतून सोडून द्यायचं. चिमणी उंच बांधा म्हणून कोणी सांगितलं, तर शेठ म्हणाले, "वाफेला कशाला हवाय एवढा मोठा जिना?"

कारखाना टेकडीच्या उतारावर. एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला खाली खोलगट जागेत शेठचा बंगला. वारा बाराही महिने वस्तीच्या बाजूलाच वाहायचा, जसा काही तोही शेठच्या पगारावर होता. त्यामुळे बंगल्यात लालभडक गुलाबांची बाग फुललेली, आणि वस्तीत दोरीवर लाल चादर वाळत घातली तर चार दिवसांत ती पांढरी. गंधकाचा वायू रंगच खातो ना! एका घरचा काळा बोका गच्चीवर झोपून झोपून असा पांढरा झाला, की मालकिणीने कोणाचा तरी परका बोका समजून त्याला हाकलून दिलं. तो बिचारा दारात बसून स्वतःच्या नावाने ओरडत राहिला.

पण बोक्याचं सोडा. खरं नुकसान झालं ते ताईचं.

ताई मुलांना गाणं शिकवायची. तिने खिडकीत बसून सूर लावला की भाजीवाला मापात चुकायचा, आणि तेही गिऱ्हाइकाच्या बाजूने! त्या गळ्यात जळक्या काडीचा वास रोज उतरत गेला. ओल्या घशाला तो वायू लागला की तिथल्या तिथे तेजाब होतं, थोडंसंच, पण रोज. शेवटी गाणं गेलं आणि खोकला तेवढा राहिला.

ताई तक्रार घेऊन कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत मोठ्या साहेबांपुढे गेली. तिथे वाफशेठ खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, घर झाडताना तोंड मिटून झाडत जा. धूळ तुम्ही गिळायची आणि नावं आमच्या वाफेला ठेवायची!"

साहेब हसले. साहेब हसले म्हणून बाकीचेही हसले. उत्तर द्यायला ताईने तोंड उघडलं तर खोकलाच आला, तेव्हा सगळे पुन्हा हसले.

भिंतीला टेकून उभी होती तिची धाकटी बहीण. तिने तिथेच ठरवलं: या माणसाच्या तोंडून 'धूर' हा शब्द वदवून घेतल्याशिवाय मरायचं नाही.

धाकटी वेधशाळेत कामाला होती. रोज सकाळी टेकडीच्या माथ्यावरून मोठा फुगा सोडायचा, वर हवा किती गार, किती गरम ते बघायचं, आणि वारा कुठून, पाऊस कधी ते सांगायचं. कोणाकडे समारंभ असला की तारीख ठरवायला लोक आधी तिच्या टेबलाशी यायचे.

एक दिवस वाफशेठच आले. तिला त्यांनी ओळखलं नाही. भिंतीला टेकलेल्या बाया त्यांना कधी दिसायच्याच नाहीत.

"मॅडम, बंगल्यावर मोठी पार्टी ठेवतोय. गुलाबांचं प्रदर्शन! दिवस फक्कड हवा."

"फक्कड म्हणजे कसा, शेठ?"

"पाऊस नको. ढग नको, फोटो काळे येतात. आणि वारा तर अजिबात नको." त्यांनी हळूच डोक्यावरचा केसांचा टोप चाचपला. "आणि वेळ एकदम सकाळची. पाकळ्यांवर दव असतं ना, तेव्हाच."

धाकटीच्या हातातली पेन्सिल थांबली. निरभ्र रात्र, वारा पडलेला आणि पहाटेचा गारठा. अशा वेळी जमिनीलगतची थंड हवा पाण्यासारखी उताराला लागते, खोलगट जागेत जाऊन साचते, आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण ठेवते. मग आत आलेलं काही बाहेर जात नाही. शेठ स्वतःच्या तोंडाने झाकण मागत होते!

तरी तिने एकदा विचारलं, "त्या दिवशी कारखाना बंद ठेवणार ना?"

"बंद? वाफेला काय घाबरायचं?"

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि तारीख दिली.

घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. ताई कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "अगं, पण पाहुण्यांचं काय? ते खोकतील."

"पाहुणे कोण आहेत माहीत आहे? जे हसले तेच. एक सकाळ खोकतील, ताई. तू किती वर्षं खोकतेस?"

ताई म्हणाली, "मला दिसेल अशा जागी बसव."

त्या दिवशी दोघी पहाटेच टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसल्या. धाकटीने फुगा सोडला आणि आकडे बघितले: वर ऊब, खाली गारठा. इतक्यात शेठचा फोन.

"मॅडम, वारा?"

"पान हलायचं नाही, शेठ."

खाली पाहुणे जमले. मोठे साहेब काळ्याभोर रंगवलेल्या मिशांवर हात फिरवत पहिल्या रांगेत. शेठनी माईक हातात घेतला आणि कारखान्याची भट्टी पेटली.

चिमणीतून धूर निघाला. क्षणभर वर जाऊ की नको असा थबकला, आणि मांजरासारखा पोट जमिनीला लावून उताराने निघाला. फाटकातून आत, हिरवळीवर, खुर्च्यांखालून. सगळा बंगला पांढऱ्या रजईत गुरफटला.

"पाहुणेमंडळी, आमचे हे लालबुंद..." शेठ बोलत होते, आणि त्यांच्या मागे पहिला गुलाब गुलाबी झाला. मग दुसरा. ओल्या वस्तूचा रंग तो वायू आधी खातो, आणि दव होतंच भिजवायला. बघता बघता अख्खी बाग पांढरीफटक! साहेबांच्या मिशा आधी तपकिरी, मग पिवळ्या, मग सशाच्या शेपटीसारख्या. एका बाईंनी नवऱ्याला ओळखलंच नाही, दुसऱ्याचाच हात धरून पळाल्या.

शेठना ठसका लागला. टोप नाकावर आला. माईक हातातच होता, आणि वस्तीपर्यंत ऐकू गेलं:

"धूर! अरे धूर आला! भट्टी बंद करा, धूर!"

टेकडीवर ताई हसत होती. खोकत होती आणि हसत होती. "अगं," ती धापा टाकत म्हणाली, "अजून एकदा म्हणायला लाव ना."

तेवढ्यात खालून पुन्हा आलं, "धूर!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पांढऱ्या मिशांनिशी हुकूम काढला: वायू चुन्याच्या पाण्यातून धुतल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. मग वाफशेठ तणतणत वेधशाळेत आले.

"तुम्ही काय सांगितलं होतं मला?"

"वारा नसेल म्हणाले होते. होता?"

"नव्हता."

"ढग?"

"नव्हते, पण..."

"मग खोकला कसला झाला?" धाकटीने टेबलावरचा पेला पुढे सरकवला. त्यात शेठच्याच बागेतला पांढरा गुलाब होता. "घर झाडताना तोंड मिटून झाडत जा, शेठ."

तेव्हा कुठे वाफशेठनी तिच्या तोंडाकडे पहिल्यांदा नीट बघितलं.